पीईईकेच्या चकत्यांवर हाड धरेल का : प्रकल्प नोंदी

१८ जून

रॉड आला एकदाचा. पीईईके, म्हणजे पॉलिइथर इथर कीटोन, शरीरात बसवायच्या इम्प्लांटसाठी वापरतात ते पॉलिमर, फिका बदामी रंग, हातात घेतलं तर साधं प्लास्टिकच वाटतं पण हे वितळतं ३४३ अंशाला, आणि १४३ अंशापर्यंत त्याचा ताठपणा बऱ्यापैकी टिकतो, त्यामुळे ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, वाफेला ते बधत नाही. मेडिकल ग्रेडचा रॉड आपल्या बजेटात बसत नव्हता म्हणून इंडस्ट्रियल घेतलाय, पण अनफिल्ड, म्हणजे काचेचे कार्बनचे तंतू न मिसळलेला. पृष्ठभागाचा अभ्यास यावर व्यवस्थित होतो, पेशंटमध्ये अर्थातच हा जाणार नाही.

लॅबमध्ये ज्युनियर जॉइन झालीय, तिने पहिल्याच दिवशी विचारलं की टायटॅनियम असताना हे कशाला. तिच्यासाठी आणि पुढे जो कोणी हे वाचेल त्याच्यासाठी लिहून ठेवतो. हाडाच्या वरच्या कठीण थराचा इलॅस्टिक मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, साधारण १५ ते २० गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० च्या आसपास, पीईईकेचा ३ ते ४ आणि कार्बन तंतू घातले तर १८ पर्यंत नेता येतो. धातू इतका ताठ असला की भार सगळा तोच उचलतो, शेजारच्या हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलेलं हाड हळूहळू विरळ होतं. ज्युलियस वोल्फने हाड भाराप्रमाणे घडतं-मोडतं हे १८९२ मध्ये मांडलंय, ते आजही सगळ्याच्या मुळाशी आहे. दुसरं कारण एक्सरे. धातूच्या मागचं नीट दिसत नाही, पीईईके एक्सरेला पारदर्शक, त्यामुळे पाठीच्या दोन मणक्यांमध्ये बसवलेल्या केजच्या, म्हणजे मधली जागा धरून ठेवणाऱ्या पोकळ तुकड्याच्या, आत हाड भरतंय का हे सर्जनला बघता येतं.

अडचण एकच पण तीच सगळ्यात मोठी. हाड पीईईकेला धरत नाही. शरीर त्याच्याशी भांडत नाही आणि त्याला आपलंही म्हणत नाही, भोवती फायब्रस, म्हणजे तंतुमय, टिश्यूचं पातळ आवरण तयार होतं आणि इम्प्लांट त्या आवरणात बसून राहतो. धातूच्या बाबतीत स्वीडनच्या डॉ. ब्रोनमार्कने १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट बसलेलं पाहिलं आणि १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला दातांचे इम्प्लांट बसवले, तसं घट्ट बसणं पीईईकेला स्वतःहून येत नाही. आपला प्रकल्प एवढाच आहे की आतलं मटेरियल आहे तसं ठेवायचं आणि फक्त वरचा काही नॅनोमीटर ते काही मायक्रॉनचा थर असा बदलायचा की हाडाच्या पेशींना तिथे बसावंसं वाटेल.

२१ जून

वर्कशॉपमध्ये चकत्या कापायला दिल्या. १२ मिमी व्यास, २ मिमी जाडी, कारण नंतर २४ खणांच्या सेल कल्चर प्लेटमध्ये खण साडेपंधरा मिमीचा असतो, त्यात आरामात बसल्या पाहिजेत. तिथल्या काकांना एकच विनंती केली की कूलंट ऑइल अजिबात नको, कोरडंच टर्निंग करा आणि वेग कमी ठेवा. पीईईके उष्णता वाहून नेत नाही, कड तापते आणि बूर, म्हणजे खरबरीत कंगोरा, येतो, पण तो घासून काढता येतो, तेलाचा अंश मात्र चिवट, आणि आपण मोजणार वरचे काही नॅनोमीटर म्हणजे तेलाचा एक थर बसला की आपण पीईईके मोजतोय की तेल मोजतोय हेच कळणार नाही.

काकांना या मटेरियलबद्दल कुतूहल वाटलं. त्यांना सांगितलं की हे १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीत पहिल्यांदा बनलं, आणि आपल्याकडेही मुंबई विद्यापीठाच्या केमिकल टेक्नॉलॉजी विभागातून, म्हणजे यूडीसीटीतून, शिकलेल्या डॉ. केकी घरडांच्या कंपनीने गुजरातमध्ये पानोलीला पीईईके बनवायला सुरुवात केली होती, पुढे तो विभाग सॉल्व्हेने घेतला. भारतात इतकं अवघड पॉलिमर स्वतःच्या प्रोसेसने उभं करणं ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपल्या मुलांना ती माहीत नसते याचं मला खरंच वाईट वाटतं.

२७ जून

पॉलिशिंग झालं, ४०० पासून २००० पर्यंतचे सिलिकॉन कार्बाइड पेपर, मग अल्ट्रासोनिक बाथमध्ये अॅसिटोन, इथेनॉल, डीआय (आयन काढलेलं) पाणी या क्रमाने, शेवटी व्हॅक्यूम ओव्हन. कोऱ्या चकत्यांचा कॉन्टॅक्ट अँगल घेतला, म्हणजे पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन, तो जितका कमी तितकं पाणी जास्त पसरतं, ८० अंशाच्या वरच येतोय, अपेक्षेप्रमाणे.

५ जुलै

प्लाझ्मा, म्हणजे विजेने आयन झालेला वायू, चालू झाला! लो प्रेशर चेंबर, १३.५६ मेगाहर्ट्झ, आधी आर्गॉन मग ऑक्सिजन. आर्गॉनला काचेतून जांभळट गुलाबी उजेड दिसतो, ऑक्सिजन सोडला की तो फिका पडत राखाडी पांढरट होतो, नवीन मुलांनी हा बदल डोळ्यांनी ओळखायला शिकावं कारण मीटरवर गॅस बरोबर दिसत असतो आणि आत कुठेतरी हवा शिरत असते, रंग मात्र लगेच सांगतो.

आत काय होतं ते थोडक्यात. पीईईकेच्या साखळीत बेंझिनच्या कड्या, मध्ये इथर आणि कीटोन. प्लाझ्मातले आयन आणि रॅडिकल वरच्या साखळ्या तोडतात आणि तुटलेल्या टोकांवर ऑक्सिजन बसतो, हायड्रॉक्सिल, कार्बोनिल, कार्बोक्सिल असे गट तयार होतात. हे गट पाण्याला ओढतात. चकती बाहेर काढून २ मायक्रोलिटरचा थेंब ठेवला तर आधी जो गोलसर मण्यासारखा उभा राहत होता तो ठेवता क्षणी पसरला, अँगल २५ च्या आसपास. ज्युनियरने टाळ्याच वाजवल्या.

पाण्याने ओलं होणं इतकं महत्त्वाचं का, तर इम्प्लांट आत गेल्यावर त्याला पहिली भेटते ती पेशी नाही, रक्त. काही क्षणांत प्रथिनं पृष्ठभागावर बसतात, पेशी नंतर येतात आणि त्या प्लास्टिकला नाही तर त्या प्रथिनांना, मुख्यतः फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिनला, इंटिग्रिनच्या, म्हणजे पेशीवरच्या पकडणाऱ्या प्रथिनांच्या, साहाय्याने धरतात. पृष्ठभाग फार पाणी-विरोधी असेल तर प्रथिनं बसतात खरी पण वेडीवाकडी उलगडून, पेशीला जिथे धरायचं ती जागाच झाकली जाते.

११ जुलै

लॅबच्या मॅडमनी एक गोष्ट करायला लावली आणि ती प्रत्येकाने करावी असं मला वाटतं. प्लाझ्मा केलेली चकती डीआय पाण्यात हलकेच धुवायची, वाळवायची आणि मग पुन्हा अँगल घ्यायचा. जास्त वेळ प्लाझ्मात ठेवलेल्या चकत्यांचा अँगल धुतल्यावर चांगलाच वर गेला. कारण जास्त वेळ मारा केला की साखळ्यांचे इतके बारीक तुकडे होतात की ते वर नुसते पडून राहतात, ऑक्सिजनने भरलेले असतात म्हणून पाणी छान पसरतं, पण ते पक्के जोडलेले नसतात, पाण्याबरोबर निघून जातात. म्हणजे कागदावर अँगल सुंदर आणि शरीरात गेल्यावर पहिल्याच रक्ताबरोबर सगळं वाहून गेलं. कमी वेळाच्या प्लाझ्माला धुण्याने फारसा फरक पडला नाही. इथून पुढे आपला आकडा हा धुतल्यानंतरचाच.

एक्सपीएसला, म्हणजे एक्सरेने वरच्या थरातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या तपासणीला, नमुने पाठवले दुसऱ्या संस्थेत. पीईईकेच्या साखळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका तुकड्यात हायड्रोजन सोडला तर २२ अणू, त्यात ३ ऑक्सिजन, म्हणजे कोऱ्या चकतीत ऑक्सिजन १३ ते १४ टक्के दिसायला हवा. तो तेवढा दिसला आणि सिलिकॉन दिसला नाही तरच आपली सफाई बरोबर.

२६ जुलै

एक्सपीएस आलं, सफाई बरोबर आहे, प्लाझ्मानंतर ऑक्सिजन २० च्या वर गेलाय आणि कार्बोक्सिलचा उंचवटा स्पष्ट दिसतोय.

पण आज मन त्यात नाही. ५ तारखेच्या चकत्या पुन्हा मोजल्या आणि अँगल ६० च्या जवळ. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं असतं, हायड्रोफोबिक रिकव्हरी म्हणून, तरी समोर बघितलं की वेगळंच वाटतं. वरच्या साखळ्या स्थिर नसतात, हवेत पडून राहिलं की पाण्याकडे ओढणारे गट हळूहळू आत वळतात आणि बेंझिनच्या कड्या वर येतात कारण हवेच्या बाजूला त्यांनाच कमी ऊर्जा लागते. शिवाय हवेतले हायड्रोकार्बन बसतात ते वेगळंच. तापमान जास्त तर हे सगळं आणखी लवकर.

साठवणीचीही तुलना केली. झिपच्या पिशवीतल्या चकत्या सगळ्यात वाईट, पॉलिथिनच्या पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यात स्लिप एजंट घालतात, ते बाहेर येऊन आपल्या नमुन्यावर बसतं. काचेच्या बाटलीत फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलेल्या बऱ्या. पाण्यात बुडवून ठेवलेल्या सगळ्यात चांगल्या, कारण बाहेर पाणीच असेल तर गटांना आत वळायचं कारण राहत नाही. पावसाळ्यामुळे डेसिकेटरमधली सिलिका जेल सारखी गुलाबी पडतेय, ती भाजून घेण्याचं काम ज्युनियरकडे दिलंय.

९ ऑगस्ट

ऑर्थोच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात. त्यांनी शिकवण्यासाठी ठेवलेला एक पीईईके केज हातात दिला. बोटाच्या पेराएवढा, मध्ये पोकळी जिथे हाडाचा चुरा भरतात, वर खाली करवतीसारखे दात, आणि आत टँटलमच्या बारीक खुणा कारण पीईईके स्वतः एक्सरेत दिसत नाही, त्या टिंबांवरून तो नीट बसलाय का ते कळतं.

मी विचारलं सर हा बसवता कसा, तर ते म्हणाले, "हातोडीने ठोकून. दोन मणक्यांमधली जागा घट्ट असते रे, अलगद वगैरे काही जात नाही." मग म्हणाले, "तुम्ही लोक वर काय काय लावता, ते दातांवरून खरवडून निघालं तर मी पेशंटमध्ये काय सोडून येतोय?" टायटॅनियमचा थर दिलेल्या पीईईकेबद्दल हीच काळजी सर्जन लोकांना असते. उलट कोऱ्या पीईईकेच्या भोवती काही पेशंटमध्ये स्कॅनवर काळसर कडा दिसते, हाड आणि केज यांच्यामध्ये फट राहिल्याची खूण, तीही त्यांनी पडद्यावर दाखवली. पातळ रेघच ती, पण ती ज्याच्या पाठीत असते त्याला केज हलल्याचं दुखणं रोज सोसावं लागू शकतं.

मी दुसरं विचारलं की इम्प्लांट पॅक झाल्यापासून तुमच्या टेबलावर यायला किती वेळ. म्हणाले महिनोन् महिने, वर्षंसुद्धा, एक्स्पायरी लांबची असते. परत येताना बसमध्ये तेच डोक्यात. आपण चेंबरमधून काढल्या काढल्या थेंब ठेवून खूश होतोय, पण हाडाला जो पृष्ठभाग भेटणार तो निर्जंतुक करून, डब्यात बंद होऊन, गोदामात उन्हाळा काढून आलेला असणार. मग मोजायचा तोच.

मॅडमशी बोलून ठरवलं, यापुढे प्रत्येक उपचाराची चकती ऑटोक्लेव्ह करून आणि साठवून मगच तपासायची.

२३ ऑगस्ट

ठरल्याप्रमाणे प्लाझ्माच्या चकत्या १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह केल्या. अँगल कोऱ्याच्या जवळपास परत. नुसता प्लाझ्मा म्हणजे सुरुवात आहे, त्यावर लगेच काहीतरी पक्कं बांधलं तरच उपयोग, हे माझं मत आता ठाम झालंय.

दुसरा मार्ग सुरू केला, सल्फोनेशन. ९८ टक्के सल्फ्युरिक अॅसिड हे पीईईकेला विरघळवणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी एक. चकती काही मिनिटं बुडवायची, वरचा थर फुगतो, मऊ होतो, सल्फोनिक गट बसतात, आणि मग पाण्यात टाकली की तो मऊ थर एकदम गोठतो आणि जाळीदार होतो. फ्यूम हूड, फेस शील्ड, जाड हातमोजे, आणि अॅसिडने माखलेली चकती भरपूर थंड पाण्यात, चिमट्याने, एकेक. अॅसिडच्या बीकरच्या आसपास पाण्याची बाटली सुद्धा नको, हे मोठ्या अक्षरात लिहून हूडवर लावलंय.

एसईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, फार सुंदर दिसतं हे, गुळगुळीत पृष्ठभागाच्या जागी एकात एक उघडणारी छिद्रं. आणि मुख्य म्हणजे हा आकार आहे, नुसते रासायनिक गट नाहीत, आकार आत वळून जात नाही. शिवाय वेगळा थर लावलेला नाही, त्याच मटेरियलची जाळी आहे.

४ सप्टेंबर

ईडीएसमध्ये, म्हणजे एसईएमखालीच मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीत, गंधक दिसतंय, बरंच. छिद्रांमध्ये अडकलेलं अॅसिड आणि जोडलेले सल्फोनिक गट दोन्ही. चकती पाण्यात ठेवली तर पाण्याचा पीएच उतरतो, पेशींना हे चालणार नाही. टेफ्लॉन अस्तराच्या बाँबमध्ये, म्हणजे घट्ट बंद दाबपात्रात, पाणी घालून १२० अंशाला ४ तास ठेवल्यावर गंधक स्पष्ट कमी झालं आणि जाळी शाबूत राहिली, पीएचही आता जागेवर राहतोय. अॅसिटोनच्या धुण्याने इतका फरक पडला नव्हता.

खोली जास्त होऊ द्यायची नाही हेही ठरवलं. छिद्रांचा थर जाड झाला की तो कमजोर होतो आणि डॉक्टरांची हातोडी मला विसरता येत नाही.

पुढचे काही दिवस लॅब बंद, गणपतीला सगळे गावी.

२० सप्टेंबर

आता तिसरा मार्ग, प्लाझ्मा अधिक पॉलिडोपामिन, म्हणजे डोपामिनपासून बनणारा चिकट थर. खडकाला चिकटून राहणारे शिणाणे कोकणातल्या मंडळींनी पाहिले असतील, लाटा आपटतात तरी सुटत नाहीत, त्यांच्या चिकट धाग्यांमधल्या प्रथिनांवरून ही कल्पना आली आणि २००७ मध्ये अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने ती मांडली. कृती अगदी साधी, पीएच ८.५ च्या ट्रिस बफरमध्ये मिलिलिटरला २ मिग्रॅ डोपामिन, हवा लागली की द्रावण आधी गुलाबी, मग तपकिरी, रात्रीपर्यंत काळं. चकत्या उभ्या लावल्या, आडव्या ठेवल्या तर द्रावणातले काळे कण वर पडून बसतात. प्लाझ्मा झाल्यावर लगेच बुडवल्या, मध्ये वेळ घालवला नाही.

चकत्या चहाच्या रंगाच्या झाल्यात. ऑटोक्लेव्हनंतर अँगल ५० च्या आत राहिला. मी फार खूश आहे आज.

३ ऑक्टोबर

एसबीएफ बनवलं, सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड, क्योटोच्या कोकुबोंची रेसिपी. चकत्या यात ठेवायच्या आणि त्यांवर हाडातल्यासारखा कॅल्शियम फॉस्फेटचा थर बसतो का ते बघायचं. रक्तातल्या द्रवासारखे आयन, कॅल्शियम लिटरला २.५ मिलिमोल, फॉस्फेट १, तापमान ३६.५, पीएच ७.४०. यात क्रम चुकवून चालत नाही, एक मीठ पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरं नाही, कॅल्शियम शेवटाकडे आणि सावकाश, ट्रिस चिमूट चिमूट टाकत पीएचकडे बघत राहायचं. बीकर प्लास्टिकचा, कारण काचेवर ओरखडा असेल तर कॅल्शियम फॉस्फेट तिथेच धरायला लागतं. जरा गढूळ दिसलं की ओतून द्यायचं, त्यात जीव अडकवायचा नाही. हे काम घाईत करण्यासारखं नाही, सकाळी लवकर येऊन फोन बाजूला ठेवून करा.

१९ ऑक्टोबर

एसबीएफमध्ये दोन आठवडे ठेवलेल्या चकत्या बाहेर काढल्या. कोऱ्यांवर जवळपास काही नाही. साठवलेल्या प्लाझ्मावर कुठे कुठे ठिपके. सल्फोनेटेड आणि पॉलिडोपामिनवर फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे गोळे सगळीकडे पसरलेत. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण शुद्ध हायड्रॉक्सीअॅपेटाइटच्या (हाडातलं खनिज या जातीचं) १.६७ पेक्षा थोडं कमी, हाडातलंही तसंच कमी असतं. आडवे उभे काप देऊन टेप लावून ओढली तर सल्फोनेटेडवरचा थर जास्त टिकला, छिद्रांमध्ये पाय रोवून बसलाय.

इथे एक सांगायलाच हवं. एसबीएफमध्ये थर आला म्हणजे हाड धरेलच असं अनेकजण लिहून मोकळे होतात, तसं नाही. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हाडाला उत्तम जोडलं जातं आणि एसबीएफमध्ये त्यावर असा थर बरेचदा येतच नाही. ही चाचणी छाननीसाठी आहे, निकालासाठी नाही.

१४ नोव्हेंबर

पेशी. एमजी-६३, हाडाच्या कर्करोगातून मिळवलेल्या हाडासारख्या पेशी, पुण्याच्या एनसीसीएसमधून, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, आणलेल्या. सगळ्या गटांच्या चकत्या एकाच पद्धतीने ऑटोक्लेव्ह केल्या, यूव्ही वापरलं नाही कारण यूव्ही स्वतःच पृष्ठभाग बदलतं.

एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी, करताना ज्युनियरने स्वतःहून सुचवलं की चकत्या नवीन प्लेटमध्ये हलवू, कारण खणाच्या तळाला बसलेल्या पेशीही रंग देतात आणि आकडा फुगतो. अगदी बरोबर आहे, आणि चकत्यांच्या रंगाचा हिशेबही लावला, प्रत्येक गटाची पेशी नसलेली चकती सोबत चालवली. जिवंत पेशींच्या प्रमाणात कोणताच गट ७० टक्क्यांच्या खाली नाही, म्हणजे विषारीपणाची रेषा ओलांडलेली नाही. गंधक न काढलेली सल्फोनेटेड चकती मुद्दाम ठेवली होती, ती मात्र बरीच खाली.

२८ नोव्हेंबर

पेशींचे फोटो काढताना कळीची गोष्ट, पीईईके स्वतःच निळा चमकतो. केंद्रकाला निळा डाय वापरला तर सगळा पडदा निळा होतो आणि काही वेगळं दिसत नाही. म्हणून केंद्रक लाल, पेशीचा सांगाडा हिरवा.

आणि काय दिसलं! कोऱ्या चकतीवर पेशी गोल, आखडून बसलेल्या. सल्फोनेटेडवर त्यांचे बारीक पाय छिद्राच्या कडेला धरून आत उतरलेत, एका पेशीचा पाय तर एका छिद्रातून जाऊन शेजारच्या छिद्रातून वर आलाय. पॉलिडोपामिनवर पेशी जास्त पसरट, चपट्या, एकमेकींना लागलेल्या. हे सगळं ऑटोक्लेव्ह होऊन डब्यात राहिलेल्या चकत्यांवर, म्हणून मला त्याची जास्त किंमत वाटते.

हाड बनवण्याकडे पेशी वळतात का हे बघायला एएलपी, म्हणजे हाड बनवताना पेशींत वाढणारं एन्झाइम, मोजायचंय, पण एमजी-६३ मध्ये एएलपी मुळातच कमी असतं, त्यासाठी साओस-२ या दुसऱ्या हाडाच्या पेशी घ्याव्या लागतील.

६ डिसेंबर

मीटिंग झाली. नुसता प्लाझ्मा हा गट आता फक्त तुलनेसाठी. सल्फोनेटेड जाळीवर पॉलिडोपामिन, हे दोन्ही एकत्र करून बघायचं ठरलं, जाळी पकड देईल आणि वरचा थर प्रथिनांना जागा देईल. त्याआधी केजच्या दातांचा आकार वर्कशॉपमध्ये कापून घ्यायचा, तोच उपचार त्यावर द्यायचा आणि हाडासारख्या फोमच्या ठोकळ्यात खरोखर हातोडीने ठोकून, बाहेर काढून एसईएमखाली बघायचं. डॉक्टर म्हणालेत ठोकायला मी स्वतः येतो, तुम्ही लोक हलक्या हाताने ठोकाल.

साओस-२ ची ऑर्डर गेली. दातांचं ड्रॉइंग सोमवारी काकांना द्यायचंय, कूलंट नको हे त्यावरच लिहून.